मोऱ्याला कोनाचा तोंड

आबांची सुट्टी असली की घरात मुक्याने बोलायचं, हा आमच्या आईचा कायदा होता. आबा, म्हणजे माझे वडील, लोट्याला एका केमिकल कंपनीत पाळीवर होते. तिथेच कारखान्यातल्या चौघापाचांत मिळून एक खोली केलेली. आठवड्याच्या सुट्टीला रातपाळी संपली की कंपनीच्या बसने हायवेपर्यंत आणि पुढे एस.टी.ने ते सकाळी घरी यायचे. पायांवर पाणी घ्यायचे, कुळथाची पिठी आणि भात जेवायचे, आणि ओटीवर वाकळ अंथरून जे झोपायचे ते दिवेलागणीला उठायचे. त्या दिवशी आई चुलीत फुंकणीसुद्धा अशी फुंकायची की जणू आजाऱ्याच्या कपाळावर फुंकर घालतेय. भाकरी थापताना बांगड्या पार कोपरापर्यंत चढवून ठेवायची. खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, शेवग्यावर कावळा बसला तर हाडहूड न करता नुसता कोयता उगारून दाखवायची, आणि गंमत म्हणजे कावळ्याला ते कळायचं. कळत नव्हतं ते मला एकट्याला. माझ्या हातून तांब्या पडायचा तो नेमका त्याच दिवशी. शिंक यायची ती त्याच दिवशी. एकदा तर मी आवाज होऊ नये म्हणून पाटावर पाय न देता उडी मारली आणि थेट ताकाच्या मडक्यात उतरलो.

शेवटी आईने मला ओटीच्या कोपऱ्यात बसवलं, पुढ्यात जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून टाकली, हातात पेन्सिल दिली आणि कानाशी येऊन म्हणाली, "हितं बस. हललास तर बग." त्या कोपऱ्यातून दिसायचं ते एकच, झोपलेले आबा. म्हणून मी आबा काढले. पुढच्या सुट्टीला परत आबाच काढले. माझ्या चित्रकलेचा उगम लोकांना सांगताना मी पूर्वी सूर्यास्त, समुद्र, निसर्गाची ओढ वगैरे बोलत असे. आता रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याजवळ राहणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभतंही. खरं ते एवढंच, की मला हलायची परवानगी नव्हती आणि समोर दुसरं काही नव्हतं. आबांच्या पापण्या जड होत्या. झोपेतही त्या पुऱ्या मिटत नसत, खालून डोळ्याची एक बारीक रेघ दिसत राहायची. डोळ्यांखाली सूज, रुंद नाक, सैल सुटलेला खालचा ओठ. त्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती माझ्या हाताला पाठ झाली. डोळे मिटून काढ म्हटलं असतं तरी मी काढली असती.

पहिलं जनावर काढलं ते भिडेपोटी. समोरच्या घरात पारूकाकी एकटी राहायची. दोन्ही मुलगे मुंबईला. त्यांनी ठरवलं की आता आईच्याने शेती व्हायची नाही, तेव्हा उरलेला बैल मोऱ्या तिच्या भावाकडे, पलीकडच्या गावी पाठवायचा. तो जायचा त्याच्या आदल्या दिवशी काकी आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली.

"दिन्या, माज्या मोऱ्याचा फोटो काढ."

आमच्या वाडीत हाताने काढलेल्या चित्रालाही फोटोच म्हणत. बैल काढता येत नाही हे सांगायला मला लाज वाटली. कोणाला नाही म्हणणं मला आजही जमत नाही. माझी बायको म्हणते, तुम्ही रिक्षावाल्याचीसुद्धा आधी माफी मागता आणि मग पत्ता सांगता. तर मी गोठ्यात पाटावर बसलो आणि मोऱ्याला काढला. अंग कपाटासारखं झालं. चारी पाय एकाच बाजूला आले. शिंगं काढली तर ती उदबत्तीच्या घरात खोचलेल्या काड्यांसारखी दिसू लागली. मी रडकुंडीला आलो. मग तोंडाशी आलो आणि माझा हात आपोआप चालायला लागला. डोळे, डोळ्यांखालची सूज, नाकपुड्या, लोंबणारा ओठ, सगळं एका दमात कागदावर उतरलं. काकीने चित्र हातात घेतलं आणि पदर तोंडाशी नेला. "अगो बाय माजे! ह्यो बगतोय माज्याकडं!"

मुलांनी मुंबईहून चौकट पाठवली. मोऱ्या काकीच्या माजघरात गणपतीच्या शेजारी लागला आणि काकी रोज सकाळी काचेवरून त्याच्या कपाळाला कुंकू लावू लागली. त्यानंतर वाडीत माझा जो काही भाव वधारला तो सांगायला आज मला संकोच वाटतो, तेव्हा अजिबात वाटला नव्हता. सोनूभाऊचा बोकड राजा. शाळेच्या वाटेवरच्या घरातली दुभती म्हैस. एकाचा कुत्रा बिबट्याने नेला होता, तो तर मी पाहिलेलाही नव्हता. मालक डोळे पुसत सांगत गेला, मी काढत गेलो, आणि चित्र बघून तो म्हणाला, "तोच! अगदी तोच!" मोबदल्यात घावणे मिळायचे, ओले काजूगर मिळायचे, एकदा पानात बांधलेली सुकट मिळाली. मी कानावर पेन्सिल खोचून हिंडू लागलो. चित्राखाली 'चित्रकार दिनकर' अशी सही करू लागलो, आणि ती सही जनावराच्या खुरांपेक्षा मोठी असे. प्रत्येक जण एकच म्हणायचा, की बाकी काय ते असो, डोळ्यांत जीव आहे. मला वाटायचं की मला जनावरांच्या मनातलं कळतं. मी गाईम्हशींकडे अर्थपूर्ण नजरेने बघत असे. त्या रवंथ करत असत.

एक इच्छा मात्र पुरी होत नव्हती. सगळ्या वाडीने माझी चित्रं पाहिली होती, आबांनी नव्हती. ती त्यांनी पाहावीत, बघून काहीतरी बोलावं, निदान 'हं' म्हणावं, एवढ्यासाठी मी झुरत होतो. त्यांच्या उशाशी चित्र ठेवून बघितलं. ते उठले, कागद उचलला, अर्धवट झोपेत त्याने वारा घेतला आणि आईला म्हणाले, "बरा लागतोय वारा." तो म्हशीचा कागद होता, मी त्यावर फार मेहनत घेतली होती. मी मनाशी ठरवून टाकलं की चूक माझीच आहे, आपण फार बारीक रेघ काढतो.

शिमगा आला. शिमग्याला आमच्याकडे मुंबईची माणसं येतात, गावातली बंद घरं उघडतात. त्या वर्षी आबांनीही चांगली रजा काढली होती. होळीसाठी जंगलातून झाड तोडून आणायचं, ते साऱ्या गावाने खांद्यावर घेऊन देवीच्या सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापर्यंत, न्यायचं, आणि नेताना फाका घालायच्या. फाक म्हणजे एकाने ओरडून कोणाची तरी टिंगल करायची आणि बाकीच्यांनी गळा फाडून साथ द्यायची. एरवी जे बोलता येत नाही ते त्या दिवशी सगळं बोलता येतं. एकच नियम, की ज्याच्या नावाने फाक घातली त्याने रागवायचं नाही आणि झाडाखालचा खांदा काढायचा नाही. रागावला तो वर्षभर हसं होतो. आबा झाडाच्या बुंध्याला होते, सगळ्यात जड जागी. मी मागे शेंड्याकडे, पोरांत, फांद्या धरून. उन्हाने डोकी तापलेली, ढोल वाजत होते. आणि सोनूभाऊ, ज्याला गावात फाका घालण्यात तोड नव्हती, तो बुंध्यापुढे उलटा चालत ओरडला,

"पारूच्या मोऱ्याला कोनाचा तोंड?"

मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मी फांदी सोडून टाचा उंचावून उभा राहिलो.

"रगुदादाचा रे, रगुदादाचा!" सगळे ओरडले. आबांचं नाव रघुनाथ.

"सोनूच्या बोकडाला कोनाचा तोंड?"

"रगुदादाचा रे, रगुदादाचा!"

म्हैस झाली. बिबट्याने नेलेला कुत्रा झाला. म्हणजे हे सगळ्या गावाला दिसत होतं, महिनोन् महिने, घरोघर. दिसलं नव्हतं ते चित्रकार दिनकरांना. मी काढलेल्या प्रत्येक जनावराला आबांचे डोळे होते, आबांची सूज, आबांचा ओठ. शेवटी सोनूभाऊने हात वर करून ढोल थांबवला, दम घेतला आणि खास आवाज काढला,

"आनि रगुच्या पोराला कोनाचा तोंड?"

"बैलाचा रे, बैलाचा!"

झाड हसण्याने हलायला लागलं. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. इतकी माणसं एकदम हसली तर त्यांच्या खांद्यावरचं झाड खरंच हलतं. मी आबांकडे बघायचा प्रयत्न केला, पण मागून मला दिसला तो फक्त त्यांचा खांदा. तो त्यांनी काढला नाही. झाड सहाणेपर्यंत गेलं आणि उभं राहिलं.

आता सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा मला खात्रीच होती की मी आबांचा गावातला मान घालवला. आपल्या बापाला चारचौघांत बैल केलं, म्हैस केलं, बोकड केलं, तेही सहीनिशी. मी मागच्या वाटेने घरी पळालो आणि गाव सोडायचं ठरवलं. पोफळीला मामा होते, वीजघरात नोकरीला. त्यांच्याकडे राहायचं, जन्मभर वीज तयार करायची आणि कागदाला शिवायचं नाही, असा बेत होता. पिशवीत मी एक कंगवा, एक सदरा आणि पेन्सिली भरल्या. पेन्सिली कशाला घेतल्या ते विचारू नका. मी वैराग्यातही कच्चा होतो.

पिशवी घेऊन पडवीत आलो तो आबा खळं ओलांडून पारूकाकीच्या घरात शिरताना दिसले. पळण्याऐवजी मी त्यांच्या मागे गेलो आणि दाराशी, चपलांजवळ उभा राहिलो. काकी चुलीशी होती, पुरणाचा वास सुटला होता. आबा मोऱ्याच्या चित्रासमोर उभे होते. खूप वेळ. मग म्हणाले,

"काकी, आरसा हाय?"

काकीने कुंकवाच्या पेटीतला लहानसा आरसा दिला. आबांनी तो मोऱ्याच्या तोंडाशेजारी धरला. एकदा आरशात बघितलं, एकदा बैलाकडे. परत आरशात. खालचा ओठ बोटाने दाबून बघितला.

"मी येवडा दमलेला दिसतो?"

हे त्यांनी चेष्टेत विचारलं नव्हतं. काकीने पोळी उलथली आणि म्हणाली, "मंग काय? सुट्टीला येतोस तवा बगते ना मी. तुजा तुला दिसनार हाय काय? तू झोपलेला असतोस."

आबा वळले, तेव्हा मी त्यांना दिसलो. पिशवीही दिसली. "कुटं निगालास?"

"मामाकडे."

"मामाकडे जातोय म्हने! हिकडं ये. हे डोळे उघड."

मला वाटलं, माझे डोळे. मी ते जमतील तेवढे उघडले. "तुजे नव्हं रे! बैलाचे. जागा कर त्याला. पेन्सील हाय ना?"

पेन्सिली होत्याच. मी पुढे झालो तशी काकी उलथणं घेऊन मधे आली. "हात तर लाव! माजा मोऱ्या असाच बगायचा. तो पन दमलेलाच व्हता, रगू. माज्या घरवाल्याच्या मागारी सगळा शेत त्येनंच नांगरलान. दोगं दमलेले, म्हनून सारके दिसतात. त्यात पोराचा काय चुकला?"

आबांनी आरसा पुसून परत केला. तेवढ्यात सोनूभाऊ आला, फाका घालून आवाज बसलेला. "रगुदादा, शिमगा हाय. राग नको धरूस."

"राग कसला? चल, तुजा बोकड बगू."

आम्ही तिघे सोनूभाऊकडे गेलो. राजा नावाचा तो बोकड केव्हाच पाहुण्यांच्या पानात गेला होता, भिंतीवर चित्र होतं. आबांनी तिथेही मला डोळे उघडायला सांगितलं. सोनूभाऊ चक्क आडवा आला. "नको दादा. अर्धे मिटलेले हायत ते बरे हायत. पुरे उघडलेन तर मी जेवू कसा तेच्यासमोर?"

आबा हसले. मी त्यांना पहिल्यांदाच दिवसाउजेडी, जागेपणी, दात दिसेपर्यंत हसताना बघितलं. त्यांचा एक दात तिरका आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तो चेहरा काढत होतो आणि दात माहीत नव्हता.

इथे एक सांगून टाकतो. हल्ली लोक मला मोबाईलवर आपल्या कुत्र्यामांजरांचे फोटो पाठवतात आणि मी ती चित्रं करून देतो. माझं बरं चाललंय त्यावर. मागे एका बाईंनी आपलं पांढरंशुभ्र, लाडावलेलं कुत्रं पाठवलं होतं. चित्र मिळाल्यावर त्यांचा फोन आला, "सर, छान आहे, पण आमचा फ्लफी असा रातपाळी करून आल्यासारखा का दिसतो?" मी नेहमीप्रमाणे माफी मागितली. डोळे मात्र तसेच ठेवले. हाताला जे एकदा लागलं ते लागलं.

तर आम्ही सोनूभाऊकडून परत निघालो. वाटेत आबा पुढे, मी मागे, पिशवी अजून माझ्या खांद्याला. कातळावरून चालताना ते एकदम थांबले. "सगळ्या वाडीत तुजी चित्रं हायत. आपल्या घरात कुटंय?"

मी म्हटलं, आपल्याकडे जनावर नाही. आमचा गोठा आबा नोकरीला लागले तेव्हाच रिकामा झाला होता, त्यात आई शेणी रचून ठेवायची.

"मग मला काढ."

"तुम्हाला?"

"बैल म्हनून काढ. नायतरी साऱ्या गावाने बगितलाय. चोरून कशाला, नीट काढ." आणि दोन पावलं पुढे जाऊन ते मागे न बघताच म्हणाले, "शिंगा मात्र जरा बरी दे. मोऱ्याची काय काढलीस ती!"

दुसऱ्या दिवशी ते ओटीवर बसले. जागे. आंघोळ करून, भांग पाडून, स्वच्छ सदरा घालून, बैल व्हायला. मला घाम फुटला. ते डोळे इतके ताणून बसले की ना बैल दिसत होता ना आबा, भुताने धरलेला माणूस दिसत होता. "पापणी हलवली तर चालेल काय?" असं ते मधूनमधून विचारत. आई आतून बघून गेली, परत बघून गेली, आणि भांडी आपटून म्हणाली, "अवो, मानसाला शिंगा काढून घेतात काय कोन? आनि ते देवाजवळ नाय हां लावायचा!" घरात भांडं आपटण्याचा आवाज झाला आणि कोणीही कोणाला गप्प केलं नाही. चित्र झालं. शिंगं मी जीव ओतून काढली, डौलदार, टोकाला गोंडे लावून. आबांनी ते उलटंसुलटं धरून पाहिलं. 'हं' म्हणाले नाहीत. गुंडाळी केली आणि लोट्याला जाताना पिशवीत घालून घेऊन गेले.

पुढच्या सुट्टीला ते आले, जेवले, आणि वाकळीवर आडवे व्हायच्या ऐवजी भिंतीला टेकून बसले. लोट्याच्या खोलीतल्या माणसांनी चित्र बघितलं होतं आणि प्रत्येकाला आपापलं हवं होतं. "पन तू तर त्यांना बगितला नायस," आबा म्हणाले. "मग मी सांगतो, तू काढ." आणि ते सांगू लागले. परब म्हणजे बगळा. टाकीजवळ एका पायावर भार देऊन तासन्तास मीटरच्या काट्याकडे बघत उभा राहतो, आणि काटा जरा सरकला की झडप घालतो. कांबळे म्हणजे रानमांजर, अंधारात पाऊल वाजत नाही, पण डबा उघडला की हजर. मोहिते मोठ्या आवाजाचा, पण एकदा कंपनीत गॅसची गळती झाली तेव्हा दोघांना पाठीवर घेऊन बाहेर आला, त्याला रेडा काढ, पण चांगला रेडा. मी काढत होतो आणि ऐकत होतो. गळतीचं हे आई पहिल्यांदा ऐकत होती. ती चुलीपासून उठून उंबऱ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "त्या दोगांतले एक तुमी काय वो?" आबांनी कागदावर बोट टेकवलं. "मोहित्याची शिंगा पन बरी काढ," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे मिटत होते, मग ते डोकं झटकून पुन्हा बोलत होते. ऊन खळ्यातून ओटीवर आलं, ओटीवरून भिंतीवर चढलं, तरी ते झोपले नाहीत. मला तेव्हा वाटलं की माझ्यामुळे त्यांची झोप गेली, आणि त्याचंही मी बरीच वर्षं वाईट वाटून घेतलं.

सगळे झाले तेव्हा मी विचारलं, "आणि तुमचे साहेब? ते कोण?"

आबांनी मनापासून विचार केला. मान हलवली.

"तेचा काय काढतोस," ते म्हणाले. "तो मानूसच हाय."